बारा वर्षांचं अंतर आणि नंतरची वीस वर्षं

"मुलगा सदतीसचा आहे, पण वाटत नाही," असं मध्यस्थ म्हणाला की मुलीचे आईवडील मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी सुरू करतात. जमेच्या बाजूला पुण्यातला टू बीएचके, पर्मनंट नोकरी, निर्व्यसनी मुलगा, आणि सासूबाई गावाकडे. वजाबाकीत बारा वर्षं. जमेची बाजू भरगच्च असली की ती बारा वर्षं कोणी मनावर घेत नाही. मुलीलाही विचारतात, नाही असं नाही, पण "तुला पसंत आहे ना?" एवढंच. ती पन्नाशीची होईल तेव्हा तो बासष्टचा असेल आणि घर तेव्हा कोणाच्या जिवावर चालेल, हा प्रश्न त्या बैठकीत निघत नाही. काढला तर अभद्र बोललं असं होतं.

वयातल्या मोठ्या अंतराबद्दल आपण बोलतो ते सगळं पहिल्या पाच वर्षांबद्दल. जोडा शोभतो का, आवडीनिवडी जुळतील का, लोक नावं ठेवतील का. ती पाच वर्षं बहुतेकांची बरी जातात. उलट नवरा स्थिरावलेला असतो, संसाराला पैशाची ओढ नसते, आणि मोठा असल्यामुळे तो जरा सांभाळूनही घेतो. अडचण येते ती पंचवीस-तीस वर्षांनी, आणि तेव्हा ती जवळजवळ एकट्या बायकोच्या अंगावर पडते. या अडचणीचा मोठा भाग प्रेमाचा नाही आणि नशिबाचाही नाही. तो पैशाचा, मालकीचा आणि सह्यांचा आहे, म्हणजे आधी मिटवता येण्यासारखा आहे. तो मिटवला जात नाही, कारण ते करण्याची जबाबदारी आपल्याकडे कोणावरच नाही.

एकोणिसाव्या शतकात या विषयावर महाराष्ट्रात जितकं रण माजलं तितकं क्वचितच दुसऱ्या कशावर माजलं असेल. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, १८९९ साली रंगभूमीवर आलेलं देवलांचं 'शारदा', पुढे १९२९ चा सारडा कायदा. त्या लढाईचा रोख बालविवाहावर आणि पोरीचे पैसे घेणाऱ्या बापावर होता, आणि तो योग्यच होता. पण त्यातून आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं: वयातलं अंतर म्हणजे बोळकं तोंड आणि परकरी पोर. चोवीसची पदवीधर मुलगी आणि छत्तीसचा इंजिनिअर त्या चित्रात बसत नाहीत, म्हणून तिथे काही प्रश्न आहे असं आपल्याला वाटतच नाही. दोघं सज्ञान, दोघांची संमती, विषय संपला.

रमाबाई रानड्यांचं उदाहरण घ्या. १८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती एकतीसचे, विधुर. त्यांनी बायकोला शिकवलं, घरातल्या बायकांचा विरोध पत्करून शिकवलं, हे आपण अभिमानाने सांगतो. जानेवारी १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले तेव्हा रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या १९२४ पर्यंत जगल्या. सत्तावीस वर्षांचा संसार आणि तेवीस वर्षांचं वैधव्य. त्या तेवीस वर्षांत त्यांनी सेवासदन उभं केलं, आठवणी लिहिल्या, बायकांच्या मताधिकारासाठी झगडल्या. त्यांच्याजवळ शिक्षण होतं, नाव होतं, बाहेरच्या जगाची ओळख होती, म्हणून हे जमलं. ज्यांच्याजवळ यातलं काहीच नव्हतं त्यांची तेवीस वर्षं कशी गेली, हे लिहायला कोणी बसलं नाही.

आजचा हिशोब वेगळा असला तरी दिशा तीच आहे. भारतात सरासरी आयुर्मान सत्तरच्या आसपास आहे आणि बायका पुरुषांपेक्षा अडीच-तीन वर्षं जास्त जगतात. साठी गाठलेल्या बाईपुढे सरासरीने आणखी अठरा-एकोणीस वर्षं असतात. नवरा बारा वर्षांनी मोठा आणि चौऱ्याहत्तरीत गेला, तर ती बासष्टची. पुढची अठरा वर्षं एकटी, आणि त्याआधीची तीन-चार वर्षं त्याच्या आजारपणाची. वैधव्याची वीसेक वर्षं हा या लग्नातला अपघात नव्हे, लग्न ठरलं त्या दिवशीच तो अंदाज मांडता येतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जोडीदार गमावलेल्या दर चार माणसांत तीनहून अधिक बायका होत्या. पुरुष पुन्हा लग्न करतात, हे त्याचं एक कारण. बायका मुळातच मोठ्या नवऱ्याशी लग्न करतात, हे दुसरं.

हे अंतर आता कमी होत जाईल, शिकलेल्या मुली बरोबरीचाच मुलगा मागतात, असा एक समज आहे. शहरातल्या काही घरांत ते खरं आहे. पण गावाकडे नेमकं उलटं चाललंय. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाचा पोशाख घालून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. टीव्हीवर तो गमतीचा विषय झाला. २०११ साली शून्य ते सहा वयोगटात राज्यात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. ती मुलं आज दहावी-बारावीत आणि कॉलेजात आहेत. दहा वर्षांनी त्यांची लग्नं निघतील आणि राज्यात दर हजारातल्या शंभरेकजणांसाठी, बीडमध्ये तर जवळजवळ दोनशेजणांसाठी, त्यांच्या वयाची मुलगी जन्मलेलीच नसेल. मग ही मुलं थांबणार, पस्तीस-अडतीसची होणार, आणि आपल्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान अशी मुलगी गरीब तालुक्यातून नाहीतर परराज्यातून, मध्यस्थाला पैसे मोजून आणणार. काही गावांत हे आत्ताच सुरू आहे. तिला भाषा येत नाही, माहेर शेकडो किलोमीटरवर, आणि रेशनकार्डावर नाव चढायलाही वर्ष जातं. पुण्याच्या टू बीएचकेवालीपेक्षा हिची वीस वर्षं फार अवघड जाणार आहेत.

नवरा आजारी पडतो तेव्हा नेमकं काय होतं, हे जरा जवळून पाहायला हवं. ओळखीतल्या एका बाईंच्या नवऱ्याला एकाहत्तराव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला. बाई अठ्ठावन्नच्या. आयसीयूचे दिवस, मग वॉर्ड, मग घरी कॉट, एअर बेड, नळीतून जेवण, दिवसा ब्युरोची मावशी आणि रात्री या स्वतः. शरीराचे कष्ट त्यांनी निभावून नेले, मुलगी मदतीला आली. अडलं ते बँकेत. ठेवी सगळ्या नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. नॉमिनी या होत्या, पण नॉमिनीचा संबंध माणूस गेल्यावर येतो. माणूस आहे, श्वास चालू आहे, मात्र सही करता येत नाही, या अवस्थेत काउंटरवरच्या माणसालाही काय करावं कळेना. त्याने सुचवलं, "मुखत्यारपत्र करून आणा." ते करणार कोण? मुखत्यारपत्र द्यायला देणारा शुद्धीवर लागतो. आधी करून ठेवलेलं असलं तरी देणाऱ्याची समज गेली की करार कायद्यानुसार ते संपतं. ज्या दिवसासाठी माणूस मुखत्यारपत्र करून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होतं, अशी आपल्या कायद्याची रचना आहे. कितीतरी देशांत समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र असतं. आपल्याकडे कोमात गेलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याच्या पैशाला हात लावायचा तर बायकोने उच्च न्यायालयात रिट याचिका करून स्वतःला पालक नेमून घ्यायचं. मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका अनेकदा केल्या आहेत, माणुसकीने केल्या आहेत. पण वकील, वैद्यकीय मंडळाचा दाखला, तारखा, हे सगळं रात्री कुशी बदलून देणाऱ्या बाईने दिवसा करायचं.

जोडखातं असतं, "दोघांपैकी कोणीही एक किंवा मागे राहणारा" असं, तर यातलं बरंचसं टळलं असतं. एका फॉर्मचं काम. ते का झालं नव्हतं, असं मी त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, ते सगळं हेच बघायचे."

अंतराचा खोल परिणाम मला या वाक्यात दिसतो. लग्नाच्या वेळी तो छत्तीसचा असतो, दहा-बारा वर्षं कमावता, घर घेतलेलं, म्युच्युअल फंड कळणारा. ती नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली. पहिल्या वर्षी तो निर्णय घेतो ते साहजिकच असतं, कारण त्याला खरंच जास्त कळतं. दहाव्या वर्षी तिलाही कळायला लागलेलं असतं, पण घरातली वहिवाट पडून गेलेली असते. तो कधी अंगावर धावून येत नाही, पैसे अडवत नाही, मागितले की देतो. तीस वर्षं मागितले की मिळतात. आणि एकतिसाव्या वर्षी डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, व्हेंटिलेटरवर घ्यायचं का, पाच मिनिटांत सांगा. समवयस्क जोडप्यात हे होत नाही असं मी म्हणत नाही, आपल्याकडे कुठल्याही घरात होतं. पण बारा वर्षांचं अंतर असलं की त्या वहिवाटीला वयाचा मान मिळतो. मग तिला स्वतःलाही त्यात काही खटकत नाही.

नोकरी करणाऱ्या बायकांचं दुखणं आणखी वेगळं. राज्य सरकारी नोकरीतला नवरा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा ती सेहेचाळीसची, बढतीच्या तोंडावर. त्याला आता कोकणातल्या घराची कौलं बदलायची असतात, तिला विभागप्रमुख व्हायचं असतं. "भरपूर झाली नोकरी, सोड आता," हे वाक्य या वयात कितीजणी ऐकतात ते कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारा. मूल उशिरा झालेलं असेल तर बापाच्या निरोपसमारंभाच्या वर्षीच पोराची अकरावीची फी भरायची असते.

विम्याचंही तसंच. घराची एकत्र मेडिक्लेम पॉलिसी घेतली की तिचा हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे पन्नाशीची बायको पासष्टीच्या दराने हप्ता भरणाऱ्या पॉलिसीत अडकते. त्याच्या मोठ्या आजारपणात ती पॉलिसी त्या वर्षापुरती रिकामीही होते. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट न लावता. ते त्याचं. ती अठ्ठावन्नची, तिने बारा वर्षं वाट बघायची. (एसटीने मात्र न्याय केलाय: पंचाहत्तरीपुढचा नवरा फुकट आणि बायको बाई म्हणून अर्ध्या तिकिटात. या वयाच्या जोडप्यांचा एवढा बारकाईने विचार दुसऱ्या कुठल्या खात्याने केलेला मला माहीत नाही.)

पेन्शनमध्ये तर अंतर सरळ आकड्यांत दिसतं. निवृत्तीच्या वेळी अॅन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे भरून मिळणारी दरमहा पेन्शन, घेताना दोन मुख्य पर्याय असतात. नवऱ्याच्या हयातीपुरती घेतली तर महिन्याला जास्त पैसे, दोघांच्या हयातीपर्यंत घेतली तर कमी. बायको जितकी लहान तितके आणखी कमी, कारण विमा कंपनीला ती किती वर्षं जगणार हे चांगलं ठाऊक असतं. अशा वेळी "आत्ता दोन हजार जास्त मिळतायत ना" असं म्हणून केलेली एक खूण पुढे वीस वर्षं तिला भोवते. कारखान्यात किंवा खासगी कंपनीत काम केलेल्यांच्या घरी ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन येते, ती नवरा गेल्यावर साधारण निम्मी होते. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. एवढ्यात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्याही भागत नाहीत.

आता घर. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे आणि मृत्युपत्र नाही, अशी घरं आपल्याकडे मोजता येणार नाहीत इतकी. हिंदू वारसा कायद्याने तो फ्लॅट बायको, मुलं आणि नवऱ्याची आई यांच्यात सारखा वाटला जातो. वयातलं अंतर मोठं असतं तिथे बऱ्याचदा नवऱ्याचं ते दुसरं लग्न असतं. पहिल्या बायकोची दोन मुलं, हिचं एक, सासूबाई हयात, आणि ही. पाच वाटे. ज्या घरात तिने तीस वर्षं काढली आणि चार वर्षं त्याचं अंथरूण केलं, त्यातला पाचवा हिस्सा तिचा. सावत्र मुलं वाईट असतात असं नाही, पण चाळिशीतल्या सावत्र मुलाला पन्नास-पंचावन्नची सावत्र आई आणखी तीस वर्षं त्या घरात राहणार आहे हे दिसत असतं. "तुम्ही नॉमिनी आहात, काळजी नको," असं सोसायटीचे सेक्रेटरी छातीठोकपणे सांगतात. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांच्या वतीने ताबा घेणारा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. चहाच्या टेबलावरच्या कायद्याला अजून त्याचा पत्ता नाही.

आंबोली घाट उतरून गोव्यात गेलं की चित्र बदलतं. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. स्थावर विकायची तर दोघांची सही लागते. एक जण गेला तर अर्धा वाटा दुसऱ्याचा आधीपासूनचाच असतो, वारसांची वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. गोव्यात सगळं छान चालतं असा माझा दावा नाही, सह्या कशा घेतल्या जातात हे तिथल्या बायकाही सांगतील. तरी विधवा झालेली बाई तिथे वाटा मागायला उभी राहत नाही, स्वतःचा वाटा धरून उभी राहते. महाराष्ट्रात राहत्या घरापुरता तरी हा नियम का नसावा? वडिलोपार्जित जमीन, व्यवसाय, शेअर्स बाजूला ठेवा. ज्या घरात दोघं राहतात ते निम्मं बायकोचं, एवढंच.

आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, असं म्हणणाऱ्यांनी १९९० च्या सुमाराची लक्ष्मीमुक्ती आठवावी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हाक दिली आणि गावागावांतल्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. ती माणसं कुठल्या शहरी चळवळीतली नव्हती, कापूस-कांदा पिकवणारी होती. आज तर मार्ग आणखी सोपे आहेत. राहतं घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करायला मुद्रांक शुल्क काही शे रुपयांचं, वर एक टक्क्याच्या आसपास स्थानिक अधिभार. १८७४ सालचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. त्याखाली नवऱ्याने स्वतःचा आयुर्विमा काढला तर पैसे बायकोचे आणि मुलांचे, त्यांना सावकार हात लावू शकत नाही, भाऊबंदही नाही. पॉलिसी घेताना त्यासाठी एक जादा फॉर्म भरावा लागतो. एजंट बहुधा आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

यावर लोक म्हणतील, मरण वय बघून येतं का? नाही येत. गोपाळराव जोशी आनंदीबाईंपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते, आणि आनंदीबाईच १८८७ साली एकविसाव्या वर्षी गेल्या. पण अपवादाला उद्या काय होईल याची चिंता विमा कंपनी करत नाही, ती सरासरीवर हप्ता ठरवते. संसाराच्या बाबतीत तेवढी सावधगिरी आपणही बाळगायला हरकत नाही. सरासरीलाच मान द्यायचा तर खरं म्हणजे बायको लहान हवी असं नाहीच, उलट नवरा अडीच-तीन वर्षांनी लहान हवा, म्हणजे दोघं साधारण एकाच सुमाराला म्हातारी होतील. अंजली तेंडुलकर सचिनपेक्षा मोठ्या आहेत हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि कोणाचं काही अडलेलं नाही. पण मुलगी वर्षाने जरी मोठी निघाली तरी पत्रिका परत येते, आणि मुलगा बारा वर्षांनी मोठा असला तर "समजूतदार आहे" म्हणतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घटस्फोटित किंवा विधुर माणसाने, उशिरा लग्न जमलेल्या शेतकऱ्याने करायचं काय? त्याने लग्न करूच नये का? जरूर करावं. दोन सज्ञान माणसांच्या मध्ये कायद्याने वयाची भिंत घालू नये, असंच माझं मत आहे. अंतराचा फायदा मात्र लग्नाच्या वेळी त्याला मिळतो: तरुण बायको, उशिरा का होईना मूल, म्हातारपणी हक्काचं माणूस. त्या बदल्यात तिची नंतरची वीस वर्षं उघड्यावर पडणार नाहीत याची तजवीज लग्नाच्या वेळीच झाली पाहिजे, आणि ती नवऱ्याच्या चांगुलपणावर सोडलेली नसावी. मध्यस्थाला पैसे देऊन आणलेल्या मुलीच्या बाबतीत तर अजिबातच नसावी.

सुरुवात विवाह नोंदणीच्या खिडकीपासून करता येईल. १९९८ च्या राज्य कायद्याखाली तिथे जो नमुना 'ड' भरून घेतात, त्यात वधू-वरांची वयं लिहावी लागतात आणि पुरावेही जोडावे लागतात. म्हणजे अंतर सरकारला त्याच दिवशी कळतं. त्याच अर्जाला आणखी एक पान जोडावं: राहतं घर कोणाच्या नावावर आहे, बायकोचा त्यात वाटा किती, खाती एकत्र की वेगळी, विमा कोणासाठी. दोघांनी नोंदणी अधिकाऱ्यासमोर ते भरून सह्या कराव्यात आणि एक प्रत वधूच्या हातात द्यावी. अंतर दहा वर्षांच्या वर असेल तर ते पान भरणं सक्तीचं करावं. वराकडची मंडळी नाराज होतील. एखादं लग्न त्या पानावरून मोडेलही, आणि मोडलं तर त्या मुलीच्या दृष्टीने ते तीस वर्षं आधी मोडलेलं बरं.